ताटात परत ठेवलेलं वचन

मागच्या वर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला मी संगमनेरच्या आमच्या चर्चमध्ये बसले होते, तेव्हा माझ्या पर्समध्ये नगरच्या एका मोठ्या, चकचकीत हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र होतं आणि मन थाऱ्यावर नव्हतं. गावातल्याच एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिस विभागात मी बारा वर्षं सिस्टर होते. नोकरी कायम होती. पण विभाग कुठल्यातरी कंपनीला चालवायला देणार आणि जुन्यांना घरी बसवणार, अशी कुजबुज वर्षभर चालली होती. नवऱ्याचा दुधाचा टेम्पो, तो एक दिवस रस्त्यावर तर दोन दिवस गॅरेजात. मुलगी अकरावीला. खात्रीचा म्हणावा असा पगार घरात माझाच. इथं राहावं तर पायाखालची सतरंजी कधी ओढतील सांगता येत नव्हतं, आणि तिथं जावं तर तिथलं तरी टिकेल कशावरून? महिनाभर मी प्रार्थनेत हेच विचारत होते. विचारत होते असं म्हणायचं, खरं तर निर्णय माझा झालाच होता. देवाकडे मी फक्त सही घ्यायला जात होते.

आमच्याकडे त्या सकाळी उपासना संपली की पाळकसाहेब पितळी ताट घेऊन समोर उभे राहतात. ताटात छोट्या छोट्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवलेल्या असतात, प्रत्येकीत शास्त्रातलं एक वचन. रांगेनं जायचं, एक उचलायची, आणि जे येईल ते त्या वर्षाचं आपलं वचन मानायचं. लहानपणापासून मी ते मानत आलेय. मी चिठ्ठी उचलून तिथंच उघडली. आहेस तिथं थांब, धीर धरून वाट पाहा, अशा अर्थाचं वचन होतं. पाळकसाहेब तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईशी बोलायला वळले होते. मी चिठ्ठीची पटकन घडी घातली, ताटात परत ठेवली आणि दुसरी घेतली. दुसरीत अनोळखी वाटेवर सोबत करण्याचं आश्वासन होतं. देवच म्हणतोय जा, असं मी नवऱ्याला घरी जाऊन सांगितलं. असं करणारी मी एकटीच असेन असं नाही, पण ते सांगताना जीभ टाळ्याला चिकटली नाही याचं आज मला नवल वाटतं.

आता मास्तरांविषयी सांगायला हवं. त्यांनी मला तिसरीत शिकवलं होतं आणि रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांची किडनी गेली आणि सहा वर्षांपासून ते आठवड्यातून तीनदा माझ्या मशीनवर यायचे. डायलिसिससाठी हातावर छोटी शस्त्रक्रिया करून नस फुगवतात. तिच्यावर बोट ठेवलं की आत बारीक घरघर लागते. त्या नसेत दर वेळी दोन जाड सुया घालाव्या लागतात. मास्तरांची नस नागमोडी आणि लपून बसणारी. सुई कुठं, किती तिरकी घालायची हे फक्त माझ्या बोटांना ठाऊक होतं. नव्या मुली विचारायच्या, तेव्हा मी म्हणायची, "ते सांगून येत नाही, हाताला कळतं." त्यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही ही मला माझ्या नोकरीची हमी वाटायची. ती हमी मी कुणाला देणार नव्हते.

नव्या वर्षातल्या डायलिसिसच्या पहिल्याच फेरीला मास्तर आले आणि चष्म्याच्या डबीतून एक चिठ्ठी काढून मला दाखवली. "हे बघ, माझं यंदाचं. थांबायचं काम आलंय." तीच चिठ्ठी होती. मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. इतक्या माणसांतून मी टाकलेलं वचन नेमकं यांच्या हाती कसं आलं, ते मला कळेना. देवानं पाहिलंय, एवढं मात्र कळलं. तरीही मी गेले.

गेले, पण राजीनामा दिला नाही. इथंच माझं चुकलं, आणि बाकी सगळं त्याच्यापुढं लहान आहे. नवीन ठिकाणी सहा महिने तात्पुरतं ठेवणार होते, मग कायम. तोवर जुनी जागा हातची जाऊ नये म्हणून मी सासूबाईंच्या ऑपरेशनचं कारण देऊन महिन्याची रजा टाकली. सासूबाई तेव्हा सोनईला शेतात खुरपत होत्या, त्यांना नख दुखल्याचंही मला आठवत नाही. पेशंटना सांगितलं, आठ दिवसांत येते. मास्तर हात पुढं करून म्हणाले, "जाऊन ये. हा हात तोवर कुनाला देत न्हाई." ते नेहमीसारखं चिडवत आहेत असं समजून मी हसले.

नगरला खोली घेतली. तिथलं सगळं गुळगुळीत होतं, पेशंटला नावाऐवजी बेड नंबर होता. रजा मी मोबाईलवरून वाढवत गेले, एक महिना, मग दुसरा. माझी जागा कागदावर रिकामी दिसत नव्हती, म्हणून तिथं कुणाला नेमता येईना. आज एक सिस्टर, उद्या दुसरी, परवा शिकाऊ. मला निरोप यायचे. मास्तर कुणाला सुई घालू देत नाहीत, एक फेरी चुकवली, दुसरी अर्धीच केली. मग धाप लागून आले तेव्हा जी मुलगी समोर होती तिनं घाईत सुई घातली, हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. मी फोनवर विचारायची, "आता बरंय ना?" आणि उत्तर ऐकायच्या आधी घाईत आहे म्हणायची. एप्रिलमध्ये निरोप आला की नसेची घरघर थांबली. म्हणजे नस बंद पडली, ती सहसा परत सुरू होत नाही. डायलिसिससाठी मास्तरांच्या मानेत नळी बसवली. त्या दिवशी मी जेवले नाही, पण रजेचा अर्ज मात्र वेळेवर पाठवला. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

जूनमध्ये नगरच्या हॉस्पिटलनं तिथला डायलिसिस विभाग एका कंपनीला चालवायला दिला. ज्या भीतीनं संगमनेर सोडलं ती तिथंच दारात उभी राहिली. आम्हा तात्पुरत्यांना दुपारी बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर आले आणि बाकावर बसून राहिले. एक संगमनेरची गाडी गेली, दुसरी गेली. घरी काय सांगायचं हे सुचत नव्हतं. प्रार्थनाही येईना, कारण देवानं शेवटचं जे सांगितलं ते मी ताटात परत ठेवलं होतं.

शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. पाथर्डीची गाडी लागली तशी ती लगबगीनं उठली आणि तिचा तोल गेला. मी तिचा हात पकडला. सवयीनं माझी बोटं मनगटाच्या वर सरकली, आणि खाली घरघर लागली. बाई माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी सिस्टर हाय का, ताई?"

"कसं ओळखलं?"

"हात न्हाई धरला तुमी, नस धरली."

ती खाली बसली. म्हणाली गाडी जाऊ द्या, मागून अजून हाय. तिसगावची होती, नगरला दुसऱ्याच एका दवाखान्यात डायलिसिसला यायची. बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं बी एक सिस्टर हुती. लई हलका हात. एक दिस आली न्हाई, ती न्हाईच आली. पोटासाठी मान्सानं जावं, त्याला कोन न्हाई म्हनतंय? पर सांगून गेली असती, तर आमी हाताला सांगितलं असतं, बाबा आता दुसऱ्याची सवय कर."

मी रडायला लागले. भर स्टँडवर, लोकांदेखत. तिनं कारण विचारलं नाही. पिशवीतून एक आंबा काढून माझ्या हातात दिला. "लेकीनं दिलाय. मला चालत न्हाई, तुमी खा." मग तिची गाडी आली आणि ती गेली. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. तिला कुणी पाठवलं असं मी म्हणणार नाही, स्टँडवर रोज हजार माणसं बसतात. एवढंच सांगते, की पुढच्या गाडीत मी चढले आणि घरी न जाता सरळ जुन्या हॉस्पिटलात गेले.

मास्तर मशीनवर होते. डावा हात चादरीवर नुसता पडलेला, मानेला पट्टी. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. रजा खोटी, ऑपरेशन खोटं, नोकरी गेली. शेवटी ताटातली चिठ्ठीही सांगितली. "ते वचन माझं होतं, मास्तर. मी परत टाकलं ते तुम्हाला आलं."

"मला आलं न्हाई," मास्तर म्हणाले. "मी उचललं. तुझ्या मागंच उभा होतो की. घडी वाकडी झाली होती, वरच पडलं होतं. म्हटलं, पोरगी घाबरलीय, आत्ता घेत न्हाई. कुनीतरी सांभाळून ठेवावं, मागाहून मागायला येईल."

पाच महिने मी ज्याला देवाचा चमत्कार आणि देवाची शिक्षा समजत होते, ते माझ्या तिसरीच्या मास्तरांनी चष्मा सावरत केलेलं काम होतं.

"मग हात का दिला नाहीत कुणाला? हात गेला ना तुमचा."

"तो माझा हट्ट. त्याचं पाप तू डोक्यावर घेऊ नको." मग म्हणाले, "तू येते म्हणालीस. वर्गातनं पोरगं 'आलो मास्तर' म्हणून गेलं, तर मी त्याची गैरहजेरी कधी मांडली न्हाई."

त्यांनी मला मोकळं केलं, पण मी मोकळी झाले नाही. मी जाते म्हटलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या हाताची सवय केली असती. मी राजीनामा दिला असता, तर माझ्या जागी एक कायमची मुलगी आली असती. मी दोन दगडांवर पाय ठेवले, आणि त्या दगडांखाली मास्तरांचा हात होता.

खोटी रजा उघड झाल्यावर कायमची जागा गेलीच, ते योग्यच झालं. मोठ्या सिस्टरनी मला खूप बोलून घेतलं आणि मग माणसं कमी आहेत म्हणून अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर परत घेतलं. जो विभाग बुडणार म्हणून मी पळाले, तो जागच्या जागी आहे. मास्तरांची मशीन मीच लावायची, पण त्यांच्या हातात सुई घालायची वेळ परत आली नाही. कधी कधी ते तो हात माझ्यापुढं करायचे, "बघ, काही बोलतोय का." मी बोटं ठेवायची. आत सगळं शांत असायचं. नाताळच्या आधी ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, मी जास्त विचारलं नाही. मास्तरकाकूंनी ती चिठ्ठी त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवली आणि ती त्यांच्याबरोबर मातीत गेली. मागायला मला उशीर झाला.

यंदाच्या पहिल्या उपासनेला मी ताटातली वरची चिठ्ठी घेतली आणि बाकावर येऊन उघडली. काय आलं ते सांगत नाही. माझं होतं, मी ठेवून घेतलं.

माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते. वाढेल का, ते कुणी सांगत नाही, आणि पूर्वीसारखी मी विचारत फिरत नाही. भीती गेली असं म्हटलं तर ते खोटं होईल. सकाळी टेम्पो सुरू झाला नाही की अजून मी पगाराचे दिवस मोजते. पण मागच्या आठवड्यात मी खुर्चीखुर्चीपाशी जाऊन प्रत्येक पेशंटला सांगितलं, पुढच्या महिन्यात मी असेन किंवा नसेन. नव्या मुलीला शेजारी उभं केलं, तिची बोटं एकेका हातावर ठेवली. सुई कुठं, किती तिरकी, कोण घाबरतं, कुणाशी आधी बोलायचं. तिच्यासाठी एक वही केलीय, पानागणिक एकेका पेशंटच्या हाताचं चित्र आणि नसेची वाट. माझ्या नोकरीची उरलीसुरली हमी मी त्या वहीत उतरवून देतेय. देवा, एवढं द्यायला तू मला परत आणलंस, याबद्दल तुझे उपकार.

वहीचं पहिलं पान उघडून नवी मुलगी म्हणाली, "सिस्टर, हा हात कुणाचा? असा पेशंट आपल्याकडं नाही." ते मास्तरांच्या हाताचं होतं. माझ्या बोटांनी आधी तेच काढलं होतं. मी तिला म्हटलं, राहू दे ते पान, पुढचं बघ.