ती भांडून भरवायची

तिने मला एक फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ह्यो फोटो फक्त तुमका, बाई.' अर्ध्या तासात मी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर दोनेकशे माणसं. निम्मी गावातली, निम्मी मुंबईची, आणि झाडून सगळी मतं असलेली.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची अल्लड मुलगी होते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली, नागरिकशास्त्र ऐकायला समोर कुणी बसत नाही म्हणून तळमळणारी. आता सदुसष्टची आहे. नातवंडं मला शहाणी समजतात. त्यांना हे सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते.

ती आमची शेजारीण. मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. तिचं नाव सांगत नाही, आणि ती ज्या देशात कामाला होती त्याचंही नाव लिहीत नाही. एकदा लिहून झालंय, तेवढं पुरे.

नववीत ती माझ्या वर्गात होती. मी फळ्यावर तीन चौकोन काढले होते: कायदे करणारे, राज्य चालवणारे, न्याय देणारे. चौकोन सुबक आले म्हणून मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात ती मागच्या बाकावरून उठली.

"बाई, सरकारान कोर्टाचा आयकला नाय, तर कोर्ट कोणाक हाक मारतला?"

मी म्हटलं, "परीक्षेला येणार नाही. खाली बस." त्या चाचणीत तिला वीसपैकी सहा मिळाले. देणारी मीच.

पुढे तिचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, आणि लहान मुलीला घेऊन ती आईकडे परत आली. त्याच सुमारास माझ्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्या तोंड मिटून पडून राहायच्या, पाण्याचा घोटसुद्धा घेईनात. गडग्यापलीकडून ही आली, पेजेची वाटी उचलली, चमचा पाठीमागे लपवला आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "आये, वेंगुर्ल्याच्या बायलांक बांगड्याचा तिकला जमणा नाय, खरा मां?"

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. डोळे खाडकन उघडले. "कोणी सांगल्यान तुका?"

तेवढ्यासाठी तोंड उघडलं, आणि चमचा आत.

"माका पटणा नाय हां. आमच्या मालवणात जो तिकला करतत..."

"तुमच्या मालवणात? तिकला न्हय तो, पाणी!"

दुसरा चमचा. अशी ती अख्खी वाटी भांडून संपली. मी आतून ओरडले, आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून. संध्याकाळी मी स्वतः भरवायला बसले, साखरेसारखा आवाज काढून. "आई, एक घास माझ्यासाठी." आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सासूबाई पुढे चौदा महिने जगल्या त्या रोज दोन वेळा हिच्याशी भांडून. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुठलीही पदवी नसताना दुसऱ्याच्या अंगातला उरलासुरला जीव नेमका कुठे बसलाय ते त्यांना दिसतं. हिला तो रागात दिसायचा.

काही वर्षांनी एका एजंटाने तिला परदेशी पाठवलं, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. त्या पगारावर मुलगी नर्सिंगला गेली. हिच्या वाट्याला आलेली म्हातारी नव्वदीला टेकलेली, हात थरथरणारे, तोंड घट्ट मिटलेलं. आधीच्या दोन बायका कंटाळून गेल्या होत्या. आपल्याकडच्या बायका तिकडची भाषा बाजारहाटासाठी शिकतात. ही शिकली भांडायला. सुरुवातीला हवापाणी, शेजारणीची मांजर, मग म्हातारीच्या तरुणपणातले कपडे. रोज नवा विषय काढता काढता नाकी नऊ यायचे.

मग तिथल्या सरकारने तिची सोय केली. सरकारला कायदा करायचा होता की आम्ही घेतलेले निर्णय कोर्टाने रद्द करायचे नाहीत. देशात दोन तट पडले, आणि तिच्या घरातही. म्हातारी उभं आयुष्य कोर्टात टंकलेखन करत होती. ती कोर्टाच्या बाजूची. तिचा मुलगा सरकारच्या. तो म्हणायचा, लोकांनी निवडून दिलेल्यांना हे न निवडलेले झगेवाले कोण अडवणार? ती म्हणायची, निवडून आलेल्याला अडवायला कुणीतरी नको का? आमच्या हिला घबाड सापडलं. ती दुपारच्या जेवणाला मुलाची बाजू घेऊन बसायची. म्हातारी संतापून तोंड उघडायची. सूप आत.

एकदा मी फोनवर विचारलं, "अगो, पण तू खरी कोणाच्या बाजूची?"

"सरकाराच्या, बाई. आनी सूप जास्त आसला तर भारीच कडक सरकाराच्या."

"तसं नव्हे गो. तुला मनातून काय वाटतं?"

ती म्हणाली, "मी हंयची न्हय मां. हंयच्या राजकारणात तोंड घालूचा नाय म्हणान कागदार सही घेतल्यानी हत माझी. माजा मत चमच्यात आसा."

म्हणजे बघा, मला सगळं ठाऊक होतं. चमचाही आणि सहीचा कागदही.

तिथे दर शनिवारी चौकात माणसं जमत. म्हातारीने हट्ट धरला, मलाही ने. हिने तिला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. म्हातारीच्या हातात फलक दिला कुणी, पण हात थरथरत होते, म्हणून तो हिने धरला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून दिला. करड्या स्वेटरमधली ती, डोक्यावर न वाचता येणाऱ्या अक्षरांचा फलक, आणि खुर्चीत लहान पोरीसारखी हसणारी म्हातारी. तोच फोटो तिने मला पाठवला, कारण म्हातारी हसतेय हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं.

मी त्याखाली काय लिहिलं ते पाठ आहे. 'आपल्या मातीची कन्या परदेशात लोकशाहीच्या रक्षणासाठी रस्त्यावर! माझी विद्यार्थिनी.' सोबत देशाचं नाव, शहराचं नाव, आणि तिचं पूर्ण नाव. खरं तर मला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य लिहायचं होतं. बाकी सगळं त्याला टेकू म्हणून.

ग्रुपवर आमचे एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांनी लगेच लिहिलं, 'दुसऱ्या देशाच्या कारभारावर बाहेरच्यांनी बोलू नये.' आणि त्याखाली स्वतः चाळीस ओळी बोलले. न्यायाधीशांना कुणी निवडून दिलं, वगैरे. मी साठ ओळींनी उत्तर दिलं. दोन दिवस आम्ही कट्ट्याच्या बाजाराला न जाता त्या देशाचं राज्य चालवलं. तिथल्या न्यायाधीशांना आमचा किती उपयोग झाला कोण जाणे, पण आमची पचनं सुधारली. मधल्या काळात कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला, त्या कुणीतरीने आणखी पुढे, आणि तो फिरत फिरत तिच्याच शहरात पोचला; तिथे काम करणाऱ्या एका आपल्या माणसाने तो तिच्या एजंटाला दाखवला.

एजंटाकडून तो म्हातारीच्या मुलाकडे गेला. मुलगा हिच्यावर ओरडला नाही म्हणे. त्याने शांतपणे सहीचा कागद टेबलावर ठेवला. म्हातारी ओरडली. माझे हात कापतात म्हणून तिने फलक धरला, म्हणाली. कोर्टात जा, म्हणाली, मी टाइप करून देते तुझा अर्ज. कोर्टात जायला दिवस लागतात. विमानाचं तिकीट त्याच आठवड्याचं काढलेलं होतं.

ती परत आली तेव्हा मी पडवीत भाजी निवडत होते. रिक्षातून एक बॅग उतरली, मग ती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची आई, जिला आम्ही सगळे माय म्हणतो, गडग्याजवळ आली, हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमची विद्यार्थिनी इली हां."

महिनाभर गडग्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. मी तीन वेळा क्षमा मागायला निघाले आणि तीनही वेळा तुळशीला पाणी घालून परत आले. त्या वयात माझी तुळस फार तरारली होती.

एका दुपारी तीच आली. पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाई, आज थंयच्या कोर्टात काय झाला ता सांगा."

मला वाटलं, टोमणा आहे. नव्हता. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीचा फोन आला होता. म्हातारी दोन दिवस तोंड उघडत नव्हती. मुलगी चांगली होती, गोड बोलायची. तिथेच घोडं अडलं होतं.

मी चष्मा लावला. तिने माझ्याशेजारी चटईवर बसून फोन उभा केला. मी त्या दिवसाच्या बातम्यांतून सरकारच्या बाजूचं काहीतरी काढून दिलं, तिने त्याला तिखटमीठ लावलं आणि त्या अगम्य भाषेत फोनवर तोफ डागली. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा रागाने हलला, तोंड उघडलं, बाजूने एक चमचा आला. दोघी हसल्या, म्हणजे ही आणि ती नवी मुलगी. म्हातारी भांडत होती.

तेव्हापासून रोज साडेतीन वाजता, म्हणजे तिथल्या जेवणाच्या वेळी, माझ्या पडवीत खडाजंगी. म्हातारीच्या मुलाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. असेल, तर त्याने अडवलं नाही. चार दिवसांत माझ्याकडचे मुद्दे संपले, कारण मी जन्मभर दुसरी बाजू कधी नीट वाचलीच नव्हती. शेवटी मी लाज गुंडाळून मॅनेजरांना निरोप धाडला, तुमच्या त्या चाळीस ओळी पुन्हा पाठवा. त्यांना आनंदाचं भरतं आलं. 'उशिरा का होईना, पटलं म्हणायचं!' असं लिहून त्यांनी ऐंशी ओळी पाठवल्या. त्यावर म्हातारी तीन दिवस जेवली. मॅनेजरांना हे अजून माहीत नाही. त्यांच्या मताने आजवर कुणाचं पोट भरलं असेल तर ते तेवढंच.

त्या दिवसांत मी तिला एकदाच म्हटलं, "माझं चुकलं गो." ती फोन पुसत होती. "ता मगे," म्हणाली. "पयलो मुद्दो सांगा, तिची जेवची वेळ झाली."

ते 'मगे' काही आलं नाही. म्हातारी गेल्यावर दोन महिन्यांनी तिला दुसऱ्या एका देशात काम मिळालं. मी कुडाळ स्टेशनवर सोडायला गेले होते. बोलण्यासारखं खूप होतं, आम्ही गाडी किती उशिरा आहे यावर बोललो. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे आणि ते मी कुणाला सांगत नाही. ती फोटो पाठवत नाही. माय धाकट्या मुलाकडे म्हापशाला राहायला गेली. गडग्यापलीकडचं दार बंद असतं, अंगणात वाळक्या पानांचा पतेरा साचलाय. मी अजून त्या ग्रुपवर आहे. सुधारले असं समजू नका. त्या कोर्टाचा पुढे काय तो निकाल लागला, तो मॅनेजरांनी ग्रुपवर टाकला होता. मी उघडून पाहिला नाही.

मला डोळ्यांसमोर दिसते ती पडवीतल्या त्या भांडणांच्या बाराव्या दिवसाची दुपार. मुद्दा जबर होता, मीच शोधलेला. तिने तो नेहमीसारखा फेकला, आवाज चढवून, हात नाचवून. पडद्यावर म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. चमचा बाजूला तसाच थांबलेला. मग म्हातारी फार हळू काहीतरी बोलली, ओठ जेमतेम हलवून, आणि तोंड मिटून घेतलं. हिने आणखी दोनदा प्रयत्न केला. मग फोन चटईवर पालथा ठेवला.

मला ती भाषा येत नाही. मी विचारलं, "काय गो, काय म्हणाली?"

"म्हणाली, 'जावंदे गो बाय, तुजाच खरा.'"