दुखणं आईचं, प्रश्न मला

आमचे डॉक्टर माझ्याशी फार सभ्यपणे बोलतात. दुखतं मात्र आईला. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. ती दिवसभर जमिनीवर मांडी घालून विकायच्या कडक भाकऱ्या थापते. हे डॉक्टरांना माहीत नाही, कारण त्यांनी तिला विचारलेलंच नाही. पहिल्या भेटीत मी इंग्रजीत बोलले, तेव्हापासून त्यांची खुर्ची माझ्याकडेच वळलेली असते. एमआरआयची फिल्म उजेडात धरून, पेनाने टकटक करत, ते दबलेली नस मला दाखवतात. प्रत्येक वाक्यानंतर ‘ओके?’ म्हणतात. आई फिल्मची मागची बाजू बघत बसते.

काल तपासणीच्या मध्येच त्यांना करकंबहून त्यांच्या आईचा फोन आला आणि त्यांची भाषाच बदलली.

“आये, पायाला मुंग्या येत्यात का? बोटं हलवून बग की. मांडी घालून बसू नगं, लई येळा सांगितलंय तुला.”

इतकी माया होती त्या आवाजात, की रागानं माझे कान तापले. म्हणजे यांना येतं तर.

फोन ठेवून ते पुन्हा माझ्याकडे वळले. तेवढ्यात आई म्हणाली, “डॉक्टर, मलाबी असंच इचारा की. चप्पल पायातनं निसटून जाती, तरी मला कळत न्हाय.”

त्यांचं पेन थांबलं. चेहरा गंभीर झाला. मग त्यांनी मला विचारलं, “सिन्स व्हेन?”

“तिलाच विचारा,” मी मराठीत म्हणाले.