साडूंची सपाट झोळी

झोपायचं कसं हे ज्याला खरोखर कळलं असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो माझा थोरला साडू होता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. बाकी आपण सगळे नुसते आडवे होतो. यावलच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. पृथ्वी गोल आहे हे पोरांना पटवून देण्याचा पगार घ्यायचा आणि शाळा सुटली की उरलेला सगळा वेळ सपाटीच्या शोधात घालवायचा, असा त्यांचा दिनक्रम. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा माणूस, त्यामुळे सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरात मुक्कामाला जायचं हे ठरलेलं. पण मुक्काम म्हणजे झोप आली, आणि झोपेच्या बाबतीत त्यांच्याइतका चोखंदळ माणूस मी पाहिला नाही. जमिनीवर झोपायचं नाही, कारण आमच्याकडच्या प्रत्येक दगडाखाली एकेक विंचू भाड्यानं राहतो. तंबूत झोपायचं नाही, कारण खानदेशातला तंबू म्हणजे झाकण ठेवलेली कढई. राहिली झोळी. पण साधी झोळी मधे खोल जाते, डोकं वर, पाय वर आणि कंबर खाली. "साडूभाऊ," ते मला अतिशय गंभीरपणे म्हणाले होते, "मी केळीच्या गावात राहतो हे खरं, पण म्हणून मी स्वतः केळं व्हायचं का?"

तेव्हा त्यांना हवी होती ती सपाट झोळी. दोन झाडांना टांगलेली, वर पावसाथंडीला छप्पर, बाजूंनी मच्छरदाणी, आणि आत माणूस लाकडी तखतपोसावर पडावा तसा सरळ. म्हणजे झोळी नाही आणि तंबूही नाही, पण दोन्हींची कामं करणारी. अशी वस्तू जगात आहे की नाही हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. पण ती मिळणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. शंका हा प्रकार त्यांच्याकडे मुळात नव्हताच. एस.टी. उशिरा आली तर तिची वेळ चुकीची लावली आहे असं म्हणत, आणि लवकर आली तरी तेच म्हणत.

कोणाच्याही घरी गेले की आमचे साडू आधी अंगणातली झाडं बघत, मग ओटीचे खांब हलवून पाहत, मग यजमानांची चौकशी करत. दोन खांबांतलं अंतर नजरेनं मोजून "बसतं!" असं स्वतःशीच म्हणत. पारोळ्याला एका लग्नात दुपारच्या पंगतीनंतर त्यांना मांडवाचे दोन खांब असेच 'बसणारे' दिसले. थोड्याच वेळात वऱ्हाडाच्या डोक्यावर मांडव हळूहळू एका बाजूला कलू लागला. नवरदेवाचे काका हातातला पानाचा डबा टाकून धावले आणि ओरडले, "ओ मास्तर, उठा! तुमनी झोप व्हयी ना, आमना मांडव पडी जाई!" साडू उठले, झोळी सोडली, घडी केली आणि काकांना म्हणाले, "खांब पुरेसा खोल गाडलेला नाही. बरं झालं, वेळेवर कळलं." काकांनी त्यांचे आभार मानले, हे मी स्वतः पाहिलंय.

झोळी सपाट आहे की नाही हे ठरवायची त्यांची एक परीक्षा होती. खिशात कायम एक काचेची गोटी असायची. झोळीत उताणं पडायचं आणि बाजूला गोटी ठेवायची. ती कंबरेकडे घरंगळत आली की झोळी नापास. शाळेत जेवढी पोरं पास केली त्याहून जास्त झोळ्या या माणसानं नापास केल्या. मी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात एक जुनं इंग्रजी मासिक होतं, त्यात कुठल्याशा परदेशी जंगलात एक गोरा माणूस टांगलेल्या झोळीत इस्त्री केल्यासारखा सरळ झोपल्याचं चित्र होतं. ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते इतका वेळ पाहिलं की ग्रंथपालानं पंखा बंद केला. मग डोकं वर करून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

चित्रात झोळीच्या दोन्ही टोकांना आडव्या काठ्या होत्या. साडूंनी तिथल्या तिथे बेत ठरवला, आमच्या क्वार्टरसमोरच्या दोन कडुनिंबांना तशी झोळी बांधली आणि रविवारी सकाळी, सगळी वसाहत दूध आणायला बाहेर पडलेली असताना, ते तिच्यात चढले. कापड ताठ ताणलं गेलं. गोटी जागची हलली नाही. त्यांनी विजयानं माझ्याकडे पाहण्यासाठी मान वळवली, आणि मान वळताच पुऱ्या झोळीनं कोलांटी घेतली. साडू खाली पालथे, वर कापड, कापडावर काठ्या. आम्ही धावलो. कापडाखालून ठणठणीत आवाज आला, "उलटी झाली, पण सपाट होती! लक्षात ठेवा, सपाट होती!"

पुढे एकदा मी एका कामासाठी धुळ्याला निघालो तर तेही बरोबर आले. तिथं बाजारात ताडपत्र्यांचं एक दुकान होतं. ट्रकवाल्यांसाठी झोळ्या, शेतावरची पालं असं सगळं तिथं शिवून मिळे. मालक वयस्कर, जाड चष्म्याचे, त्यांना सगळे नाना म्हणत. साडूंनी नानांना तीन झोळ्या दुकानाच्या खांबांना टांगायला लावल्या आणि एकेकीत शिरले. पहिली नायलॉनची. ती इतकी सळसळली की साडू म्हणाले, यात माणसाला स्वतःचाच आवाज ऐकत झोपावं लागेल. दुसरी जाड कॅनव्हासची. तिच्यात शिरताच दोन्ही काठ वर येऊन मिटले आणि आमचे साडू भुईमुगाच्या शेंगेत दाणा असावा तसे दिसेनासे झाले. तिसरी सुती, रुंद. तिच्यात ते जरा तिरके पडले, गोटी ठेवली, आणि मग काही बोललेच नाहीत. आम्ही वाट पाहिली. गिऱ्हाइकं जमली. सामान उतरवायला आलेला एक हमाल पोतं पाठीवर तसंच धरून वाकून बघू लागला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "नाना, हाऊ झोपी गया का मरी गया? कोनी तरी देखा ना!"

साडू घोरत होते. जागे झाले तेव्हा अर्धा बाजार भोवती होता. ते जराही शरमले नाहीत. उठून नानांना म्हणाले, "ही पुष्कळ जवळ आली आहे. पण तिरकं झोपावं लागतं. मला तिरकं चालेल. ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना चालणार नाही." नानांनी चष्मा पुसला, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमले झोळी नही, हवामा टांगेल खाट जोयजे."

"तेच!" साडू जवळजवळ ओरडले. "शिवाल?"

"शिवसू. पन आडवं झोपनं पडी. लांबीमा नही, रुंदीमा. कापड ताणी धरानं, आन दोन्ही बाजूले बांबू."

मग दोघं जमिनीवर उकिडवे बसून खडूनं फरशीवर आकृत्या काढू लागले, आणि मी माझं काम उरकून आलो तरी ते तिथंच होते. माझ्या डोक्यात मात्र साडूंचं एक वाक्य अडकून राहिलं होतं. ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना? इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस स्वतःच्या झोपेसाठी झुरतो आहे.

घरी येऊन बायकोला विचारलं तर ती हसायला लागली. "तुम्हाला माहीत नाही? अहो, ते सगळं अक्कासाठी चाललंय." अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, साडूंची बायको. लहानपणी खळ्यावर झोपलेली असताना अक्काला विंचू चावला होता. तेव्हापासून ती भुईवर पाठ टेकत नसे, आणि पाठ अशी नाजूक की फळीसारखं सपाट नसेल तर सकाळी उठवत नसे. लग्न झालं त्या वर्षी साडूंनी तिला डोंगरातल्या एका जागेबद्दल सांगितलं होतं. "नाल्याकाठी अंजनाची झाडं आहेत, कॉलेजात असताना मी तिथं राहिलो होतो, तुला न्यायचंय." अक्का थट्टेनं म्हणाली होती, "जमिनीसारखं सपाट आणि जमिनीपासून लांब असं काही मिळालं तर येईन." तिनं ते म्हटलं आणि ती विसरूनही गेली. नवऱ्यानं ते मागणी म्हणून ऐकलं आणि कामाला लागला. तोवर त्यांची थोरली मुलगी मॅट्रिकला बसली होती.

धुळ्याहून झोळी आली ती थंडीत. अंगणात गोटीची परीक्षा झाली, आणि साडूंनी अक्कासमोर जाऊन जाहीर केलं, "निघायचं." अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "येते. शब्द दिलाय ना. पण हे एकदाच. मला धड झोप लागली नाही तर घरातलं हे सगळं कापड, दोऱ्या, बांबू बोहारणीला देईन. कबूल?" माळ्यावर नापास झोळ्यांचा डोंगर होता, धान्याची कोठी ठेवायला जागा उरली नव्हती, तेव्हा तिचंही काही चुकत नव्हतं. साडूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "कबूल." वर आम्हाला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं.

पायथ्याच्या गावापर्यंत एस.टी.नं आणि पुढे नाल्याच्या काठाकाठानं आम्ही चौघं चालत गेलो. जागा त्यांनी सांगितली तशीच होती. उन्हं उतरली तशी साडूंनी दोन अंजनांच्या मधे झोळी बांधायला घेतली. प्रत्येक गाठ मारायची, तिला लोंबकळायचं, मग पुढची. आम्ही बरोबर आणलेलं भरीत आणि कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. त्यांनी मात्र दोन घास खाऊन हात धुतले. अक्कानं बाजारात वांगी दाबून बघावीत तशी ती झोळी चारी बाजूंनी दाबून पाहिली आणि एका दगडावर पाय देऊन आत शिरली. साडूंनी मच्छरदाणी खोचली.

"सपाट आहे?"

"आहे."

"मानेपाशी?"

"आहे."

"कंबरेला?"

"अहो, मला झोपू द्याल की नाही?"

मग ते शेकोटी पेटवायला गेले. आम्हा बाकीच्यांना जुन्या नापास झोळ्या मिळाल्या होत्या आणि त्यांत आम्ही आपापल्या परीनं केळी झालो.

उजाडताना मला जाग आली तेव्हा साडू शेकोटीपाशी बसले होते. डोळे तारवटलेले, मफलर कानाला, नजर त्या झोळीवर. सूर्य वर आल्यावर मच्छरदाणी हलली आणि अक्का उतरली. केस सारखे करत ती शेकोटीपाशी येऊन बसली.  साडूंनीच विचारलं, "झोप लागली?"

"नाही," अक्का म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या माणसाचा चेहरा उतरलेला मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी झोळीकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं, पण चूक कुणाची हे काही त्यांना सुचेना. हलक्या आवाजात म्हणाले, "पाठ दुखली?"

"पाठीला काही झालं नाही. सपाट म्हणजे आपल्या तखतपोसाहून सपाट." ती शेकोटीत काटकी सारत होती. "पण तुम्ही वरचं छप्पर सारलं होतं ना बाजूला, आभाळ निरभ्र होतं म्हणून. एवढ्या चांदण्या मी कधी पाहिल्या नव्हत्या हो. आपल्याकडे गच्चीवरसुद्धा मी कधी झोपले नाही. खाली विंचू नाही, अंगाला काही टोचत नाही, आणि वर ते सगळं. डोळे मिटायचं मनातच येईना. अशा जागी झोपायचं कशाला?"

 झोपेखेरीज दुसऱ्या कशासाठी माणूस आडवा होऊ शकतो, हा विचार साडूंना कधी शिवलाच नव्हता. त्यांनी मफलरनं तोंड पुसलं, पुष्कळ वेळ पुसलं, आणि चहाचं भांडं शेकोटीवर ठेवलं. माझ्या बायकोनं जाता जाता विचारलं, "मग अक्का, बोहारणीचं काय?" अक्का म्हणाली, "जुन्या सगळ्या देऊन टाकीन. ही नाही."

दुपारी परतीची गाडी मिळाली. ती यावलहून पुढे भुसावळला जाणारी होती, म्हणजे साडू आणि अक्का यावलला उतरणार आणि आम्ही दोघं पुढे जाणार. रस्ता असा की बसलेला माणूस अधूनमधून उभा राहत होता. गाडी सुटून जरा वेळ झाला आणि अक्काची मान साडूंच्या खांद्यावर कलली. तिला गाढ झोप लागली होती. गाडी उसळत होती, खिडक्या खडखडत होत्या, समोरच्या बाकावर एका बाईची कोंबडी टोपलीतून ओरडत होती, आणि अक्का शांत झोपली होती. साडू हललेसुद्धा नाहीत. नाकावर माशी बसली तीही त्यांनी बसू दिली.

यावलच्या स्टँडवर कंडक्टरनं दार उघडून "यावल, यावल!" अशी आरोळी ठोकली. साडूंनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि मोकळ्या हातानं खिसा चाचपत अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमची दोन भुसावळपर्यंत फाडा."

"मास्तर, तुमचं गाव आलं ना!" कंडक्टर म्हणाला.

"आलं," साडू कुजबुजले. "येताना उतरू."

कंडक्टरनं एकदा अक्काकडे पाहिलं, तिकिटं फाडली आणि घंटी इतकी हलकी वाजवली की ड्रायव्हरला ती ऐकूच गेली नाही. पुन्हा वाजवावी लागली. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागे पडत होत्या, पानांवर उतरतं ऊन होतं. मी मागच्या बाकावरून पाहत राहिलो. आमचे साडू पाठ ताठ करून, समोर बघत, एक खांदा किंचित खाली घेऊन बसले होते. पुढे त्यांच्याबरोबर मी पुष्कळ हिंडलो, त्यांची मतंही पुष्कळ ऐकली, आणि आता कुठल्याच मताचं नीटसं स्मरण नाही. त्या दुपारी मात्र गाडी भुसावळला जरा उशिरा पोचावी असं मला फार वाटलं होतं.