बोटीच्या टपावर आईचा डबा

मंडळी, आज दुपारी इथे मस्कतला, हमरियातल्या रूमवर जेवताना एक व्हिडिओ बघितला आणि घास तोंडातच राहिला.

माझा रूमपार्टनर, माझ्याच गावचा दिन्या एका अर्बाबच्या, म्हणजे अरबी मालकाच्या घरी कुक आहे. दर शुक्रवारी आम्ही इंग्लंडच्या कालव्यांतल्या त्या लांबट, चिंचोळ्या बोटींचे व्हिडिओ बघायचो. काठावरून चालणारा माणूस पुढे जाईल, इतकी ती बोट हळू. मला एका जागी बसवत नाही, पण ते बघताना तासभर बसायचो. एकदा दोघांनी जायचं, असं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात दिन्या "गावी चाललोय" म्हणाला. मी आईसाठी हलव्याचा डबा त्याच्याकडे दिला.

आज अर्बाबच्या ड्रायव्हरने व्हिडिओ पाठवला. "देख, तेरा भाई मजे में है."

दिन्या तसल्याच बोटीचं सुकाणू धरून उभा. टपावर हलव्याचा डबा उघडा, झाकणावर मी मार्करने लिहिलेलं आईचं नाव.

लगेच दिन्याला फोन लावला.

"अरे, अर्बाबने फॅमिलीबरोबर इंग्लंडला स्वयंपाकाला आणलं. सांगितलं असतं तर तोंड पाडून बसला असतास."

"आणि डबा?"

"अर्बाबच्या पोरांना आवडला रे. दुसरा घे ना!"

तिकडे आई रोज एसटी स्टॉपवर जाऊन त्याची वाट बघते. मघाशी तिचा फोन आला, "दिनू वाटेत आजारी तर नाय ना पडला?"

नंतर बोलतो म्हणून ठेवला. तिला खरं सांगू, की त्याची रजा रद्द झाली म्हणू? त्याच्यासाठी खोटं बोलायला आज जीभ वळत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?