हिराकाकूंनी जपलेली मशीन

सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला गच्चीवर पोचलो आणि माझी मशीन मला दिसेना. तिच्या जागी फुलाफुलांची नायलॉनची साडी नेसलेलं काहीतरी उभं होतं. साडी चार पदरी, वरून सुंभाने करकचून बांधलेली. मिठाची रास झाकतात तशी.

"धूल लय येते साहेब," मागून हिराकाकू म्हणाल्या. "म्हून बांधलीय. दर शुक्रवारी धुते मी साडी, तवर दुसरी बांधते. पानी बगा, निस्ता काला."

हवेतली धूळ मोजणाऱ्या मशीन बसवायच्या आणि चालू ठेवायच्या, हे माझं काम. वाढत्या शहरांची हवा कशी सुधारता येईल यावर दोन विद्यापीठं, एक परदेशी लॅब आणि काही सरकारी खाती मिळून रिसर्च करत होती. मुंबईपासून उरणपर्यंत आम्ही मशीन लावल्या होत्या. मशीनला वर एक तोंड असतं, त्याला इनलेट म्हणतात. त्यातून ती हवा ओढते, धूळ मोजते आणि आकडा थेट ऑफिसच्या स्क्रीनवर पाठवते. काकूंनी नेमकं ते तोंडच बांधलं होतं.

गाव उरण तालुक्यातलं. मिठागरं बुजवून तिथे कंटेनर यार्ड झालेलं, दारावरून सतत ट्रेलर. काकूंचे यजमान बाळारामदादा जन्मभर मिठागरात राबले. आता त्यांना एवढा दम लागतो, की खाटेवर बसूनच झोपतात. काकूंनी गच्ची दिली ती त्यांच्यासाठीच. "मशीन सांगंल सगल्यांना," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. यार्ड आता घरामागच्या शेतापर्यंत वाढणार होतं. त्याची जनसुनावणी तोंडावर आली होती.

स्क्रीनवर मात्र सहा महिने या गावाचे आकडे सगळ्यात छान. इतके छान, की आमच्या लोकांनी त्याला बॅकग्राउंड साइट करून टाकलं. म्हणजे शहराची हवा किती खराब हे जिच्याशी ताडून बघायचं, ती स्वच्छ जागा. ट्रेलरच्या रस्त्यावर स्वच्छ हवा कुठून आली, हे मी विचारायला हवं होतं. आकडा लाल झाला की आम्ही धावतो. हिरवा असला की कोण जातंय?

गच्चीवरूनच मॅडमना, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट हेडना, फोन लावला.

"सगळा डेटा बाद?"

"सगळा."

"कधीपासून झाकलंय ते विचार. त्याआधीचा तरी वापरू."

विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमी लावून गेले, त्याच सांजेला."

मग मॅडम म्हणाल्या, "तो ग्राफ सुनावणीच्या फाइलमध्ये गेलाय. मागे घ्यायचा तर सगळ्या पार्टनरची लेखी संमती लागेल."

"साडी धुतलेलं पाणी आणून दाखवू?"

"साडीचं कॅलिब्रेशन आहे तुझ्याकडे?"

कॅलिब्रेशन म्हणजे मोजणारी वस्तू खरं मोजते की नाही याची पडताळणी. साडीचं कोण करतंय?

मेल गेली. परदेशी लॅब सुट्टीवर होती. एका खात्याला मूळ सहीचं पत्र हवं होतं. तेवढ्यात सुनावणी झाली. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. बाळारामदादा धापा टाकत उठले, धुळीबद्दल बोलले. अधिकाऱ्याने फाइल उघडली आणि शांतपणे सांगितलं, "आजोबा, तुमच्याच गच्चीवरची मशीन म्हणते, हवा चांगली आहे." दादा खाली बसले. मी उठायला हवं होतं. पण मॅडमनी गप्प बसायला बजावलं होतं, आणि मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याची लाज अजून जात नाही.

ती साइट रद्द झाली. मशीन काढायला गेलो तेव्हा काकूंना सगळं खरं सांगितलं.

"मंग खरा आकडा कवरा?" त्यांनी विचारलं.

"त्या सहा महिन्यांचा आता कुणाकडेच नाही, काकू."

त्या दादांच्या खाटेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमीच बोलले, महागाची हाय, जपा. मी जपली."

बोललो होतो. सगळीकडेच बोलायचो.

पार्टनरची शेवटची सही पुढे कधीतरी आली. रिपोर्टच्या नकाशात ते गाव आता करड्या रंगाचं आहे, खाली लिहिलंय, 'माहिती उपलब्ध नाही'. यार्डचं काम सुरू झालंय. हल्ली मशीन लावताना मी 'जपा' म्हणत नाही. ही धूळ खायलाच आलीय, खाऊ द्या तिला, एवढंच सांगतो.

परवा त्या बाजूला गेलो होतो. ती साडी आता दादांच्या खाटेजवळच्या खिडकीला बांधलेली आहे. काकू अजून दर शुक्रवारी ती धुतात.