गटारात गेलेली डाळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, त्यामुळे ती आज तुमच्याबरोबरच वाचेल. शेजारच्या जिजीचा नवरा गेला त्या दिवशी बायकोने तिच्यासाठी डाळ-भाकरीचा डबा माझ्या हाती दिला होता. तो मी पोचवला नाही. डाळ गटारात ओतली.

जिजी कोण, हे कळल्याशिवाय तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही.

ती नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जायची. गल्लीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून एकच वाक्य बोलायची, "फेकाना आगोदर माले दखाड." दाखवलं की फेकणं संपलं. गिलक्याच्या साली बारीक चिरून तीळ-लसणावर परतल्या की चटणी. टरबुजाचा लाल भाग पोरांचा, पांढऱ्याची भाजी मोठ्यांची. पाट्यावर मसाला वाटला की पाटा धुतलेलं पाणी रश्शात. ते मोरीत सोडणाऱ्या सुनेकडे ती जशी बघायची, तसं लोक चोराकडेही बघत नाहीत.

"जिजी, केळ्याच्या सालीचं काय करू?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"ती बकरीनी. तिना वाटा बी खाई लेशी का?"

हे सगळं ती दुष्काळात शिकली. लग्न नवं, आणि रेशनवर लाल मिलो. त्या ज्वारीची भाकरी थापली की तुटायची, लोक सरकारला शिव्या द्यायचे. जिजीने शिव्या दिल्या नाहीत. पिठावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं, कोमट असतानाच मळलं. भाकरी टिकली. सरकारही टिकलं, पण त्याचं श्रेय ती घेत नसे.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. माझे वडील गेले तेव्हा पहिलं पातेलं जिजीचं आलं. थोडंसं बेसन, ठेचलेली लसूण-मिरची आणि भरपूर पाणी. एवढ्यात सगळं घर जेवलं. इतकं पातळ पिठलं बघून माझी आत्या काही बोलणार होती.

"रडेल मानूसना गळाखाल पातळच उतरस," जिजी म्हणाली. उतरलं.

मग टाळेबंदी आली. जिजीचा नवरा तापाने घरीच गेला. कशाने, ते कोणी तपासलं नाही, म्हणून गल्लीने आपापलं ठरवून टाकलं. दारं लागली. बायकोने मात्र उडदाची डाळ केली, भाकरी बांधल्या. मी जिजीच्या ओट्यापर्यंत गेलो. आतून खोकल्याचा आवाज आला. मी वळलो. भरलेला डबा घरी नेता येईना, म्हणून गल्लीच्या टोकाला तो रिकामा केला. भाकरी कुत्र्याने उचलली. डाळीला कोणी विचारलं नाही.

"घेतला का जिजीने?" बायकोने विचारलं.

"घेतला."

पुढे दारं उघडली तेव्हा बायको माझ्यादेखत जिजीला म्हणाली, "त्या दिवशी डाळ खारट झाली होती का हो?"

जिजीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती खिडकीत होती, हे मला तेव्हा कळलं.

"नही वं बाई. बरोबर व्हती."

बायको चहा ठेवायला आत गेल्यावर जिजी हळूच म्हणाली, "डाळनं काय करं, भाऊ?"

का आला नाहीस, हे तिने विचारलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून गाय पुढे केली, "गायले खवाडी दिधी."

तिचा चेहरा सैल झाला. "मंग वाया नही गई," म्हणाली, आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी ती स्वतः काय जेवली, हे मीही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिजी गेली. सुरतहून भाचा आला. बायकोने पिठलं केलं, मी नेलं. या वेळी आत गेलो, समोर बसून वाढलं. तो पोटभर जेवला.

पण तो घास भाच्याचा होता. जिजीचा एक घास आणि एक खरं उत्तर मी अजून देणं लागतो.