बंद आवाजातले माझे व्याख्यान

टॅब्लेटवर लिहून शिकवणे मी कुलगुरूंच्या आदेशाने सुरू केले, असे सहकारी सांगतात. ते धादांत खोटे आहे. खुलासे करून मी थकलो.

लिंबायतच्या कापड-वस्तीकडे जाणाऱ्या बसमध्ये शेजारी एक लूम-कामगार, यंत्रमागावरचा मजूर, होता. तेलकट बोट दर वेळी सदऱ्याला पुसून तो टॅब्लेटवर विद्यापीठाने चित्रित केलेले माझेच व्याख्यान पुढे-मागे करीत होता. आवाज बंद. मी दोनदा ओरडून कारण विचारले. माझ्या तोंडावर रुमाल होता. त्याने ओळखले नाही.

“काका, लूमवर कान गेले. बाकीचे सर फळ्यावर लिहितात तेवढंच समजतं. हे म्हातारबा नुसते बोलतात! अन् सोमवारी यांचाच पेपर.”

माझ्या वक्तृत्वाचा मला चाळीस वर्षे अभिमान होता. रविवारपर्यंत ते संपूर्ण व्याख्यान मी टॅब्लेटवर लिहून त्याच अभ्यासक्रमाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवले. त्याने ते पाहिले की नाही, मला ठाऊक नाही.